ठाणेदाराची दुसरी चाबी

एका चोराला मी फोनवर "जेवलास का बाळा?" असं विचारलं, आणि मग त्याने मागितलेला कोड चष्मा लावून, एकेक आकडा करत सावकाश वाचून दाखवला. "काकू, तुमचं ईमेल बंद पडून राहिलं," असं तो इतक्या कळवळ्याने म्हणाला, की मला त्याचीच काळजी वाटली! संध्याकाळी माझं ईमेल मलाच आत घेईना. त्यात ह्यांचा आवाज होता. हे जाण्याआधी टिपून ठेवलेला, कोथिंबिरीची सांबारवडी खाता खाता तिला नावं ठेवणारा. दुसरीकडे कुठेच नव्हता.

तो परत आणला आमच्या ठाणेदाराने. म्हणजे माझ्या सुनेने. माहेर कुहीचं, अंगाने काडी, पण बेल वाजली की आतूनच "कोण? कोणाकडे? काहून?" झाल्याशिवाय कडी काढायची नाही. एकदा स्वतःच्या नवऱ्यालाही भर उन्हात तिष्ठत ठेवलं. गल्लीने ठेवलेलं नाव तिने मिरवलं.

खरं तर ठाणेदार व्हायचं होतं मला. ती लग्न होऊन आली तेव्हा मी कमरेचा जुडगा वाजवून ऐकवलं होतं, "या घरच्या चाब्या माझ्याकडेच राहतात." काय तो तोरा! कपाटात होतं काय, तर जुनी पातळं आणि डांबराच्या गोळ्या. बिचारी "हो आई" म्हणाली.

ईमेल परत आलं तेव्हा बोलणी खायच्या तयारीने मी बसले होते. तिने माझ्या हातावर दोन चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या चाब्या ठेवल्या. "नवीन फोनवर ईमेल उघडाचं असलं, की ही फोनले लावाची अन् हिच्यावर बोट टेकवाचं."

"आणि हिचा कोड?"

"कोणाले वाचून दाखवाले कोडच नाही. तुमाले बोलू नका म्हणून काही फायदा नाही, आई. म्हणून सांगताच येत नाही अशी चाबी आणली. नकली साइटले तं ही लागतच नाही."

पुढे पुन्हा एक गोड आवाज आला. जेवणाचं मी विचारलंच. त्याने कोड मागितल्यावर म्हटलं, "कोड नाही रे, चाबी आहे. घरी ये. दारात आमची सून आहे." त्याने फोन आपटला. ठाणेदार स्वयंपाकघरात इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

दोन्ही चाब्या एका जागी ठेवायच्या नाहीत, हा तिचा हुकूम. दुसरी मी तांदळात लपवली, देवामागे लपवली. तिने दरवेळी पकडली. मग मुलाची बदली झाली. सामान गाडीत चढलं, तेव्हा मी ती दुसरी चाबी तिच्या मुठीत दिली. "माझी हरवली, तर ह्यांचा आवाज तुझ्याकडून मागेन." आणि जुडग्यातून सोडवून कपाटाचीही दिली.

तिने डोळे पुसले आणि नाक वर करून म्हणाली, "आई वं, घरच्या चाब्या दिल्या तं कवा दिल्या, मी घर सोडून राहिली तवा! आता मी फोन केला, तं मलेबी आधी विचारजा, कोण?"