ज्यूलमध्ये सांगू की कॅलरीत?

सकाळी भाजी निवडत होते, तेव्हा सलीमभाईंचा, माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, फोन आला. इतक्या सकाळी ते कधी फोन करत नसत. "ताई, रिझवाना गई..." एवढंच म्हणाले. हृदयाचं दुखणं वर्षभर चाललं होतं, तरी आदल्या रविवारी ती माझ्याशी तासभर गप्पा मारून गेली होती. दुपारी तिला निरोप देऊन आले. निवडलेली भाजी ओट्यावर तशीच पडली होती.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायचो, मी मराठी आणि ती पदार्थविज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढ्यावरून मैत्री झाली आणि निवृत्तीनंतरही टिकली. रिझवानाला एक खोड होती. उष्णतेचं कुठलंही माप दिसलं की ती मनातल्या मनात त्याचं दुसऱ्या मापात रूपांतर करायची. एका उन्हाळ्यात मी एसी घ्यायला निघाले आणि तिला सोबत नेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दीड टनाचा घ्या." मी बिचकून विचारलं, "एवढं वजन भिंतीला पेलेल का?" रिझवाना हसत हसत तिथल्या स्टुलावरच बसली. मग शांतपणे म्हणाली, "अगं, ते वजन नव्हे. एक टन बर्फ दिवसभरात वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. एसीवरच्या ह्या पट्टीवर तेच बीटीयू ह्या दुसऱ्या मापात लिहिलंय." वर्गातही ती असंच सांगायची. ती म्हणायची, "उष्णता एकच असते रे पोरांनो. घरी मी पानी म्हणते, इथं पाणी म्हणते. तहान बदलते का?"

तिच्या ह्या खोडीनं माझ्या वडिलांना दोन वर्षं दिली.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यावं लागायचं. दिवसाला पंधराशे कॅलरी जायला हव्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इथली पावडर त्यांना मानवेना, म्हणून भाच्यानं ऑस्ट्रेलियाहून डबे पाठवले. डब्यावर चमच्याच्या एका मापाची ऊर्जा दोनशे दहा लिहिलेली. माझा भाऊ सुधीर बाबांचं सगळं मनापासून करायचा. त्यानं भागाकार केला आणि रोज सात मापं सुरू केली. पाणी भरपूर जात होतं, पण बाबा वाळत चालले. हाक मारली तर डोळे उघडेनात. आता दिवस भरत आले, असं आमच्या गावाहून, करमाडहून भेटायला आलेले लोक दबक्या आवाजात बोलू लागले. आम्हीही मनाची तयारी करत होतो...

अशात रिझवाना भेटायला आली. बाबांचा हात हातात घेऊन बसली, आणि बसल्या बसल्या तिनं उशाशी असलेला डबा उचलला.

"सुधीर, ह्यातलं किती देता?"

"सात मापं. पंधराशे बसतात बरोबर."

तिनं डबा उजेडात धरला. "हे किलोज्यूल आहेत, भाऊ. डॉक्टरांच्या एका कॅलरीत जवळजवळ सव्वाचार किलोज्यूल येतात. एका मापात पन्नासच कॅलरी आहेत. सात नाही, तीस लागतील."

सुधीरनं चमचा हातात घेतला, तशी तिनं त्याला थांबवलं. "एकदम नको. आधी डॉक्टरांना फोन लावा." डॉक्टरांनीही हळूहळू वाढवायला सांगितलं. सुधीर बाहेर जिन्यात जाऊन बसला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "मी बापाला उपाशी ठेवलं, ताई," तो म्हणाला. "आकडा तुम्ही बरोबरच वाचला," ती म्हणाली. "पुढचा शब्द तेवढा नजरेतून सुटला. आणि बाबा अजून आत आहेत ना? मग रडता कशाला? चला."

महिन्याभरात बाबा बोलू लागले. नळी निघाली. हिवाळ्यात आम्ही त्यांना करमाडच्या शेतावर हुरड्याला नेलं, रिझवाना आणि सलीमभाईही आले. बाबा मऊ हुरडा एकेक दाणा करत चघळत होते. मध्येच त्यांनी तिला विचारलं, "पोरी, ह्या मुठीत किती ताकद असंल गं?"

"काका, ज्यूलमध्ये सांगू की कॅलरीत?"

"ज्यात लई भरतं, त्यात सांग."

इतकं मोकळं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं असेल.

ती जाऊन दीडेक महिना झाल्यावर, परवा चिकलठाण्याला तिच्या घरी गेले. सलीमभाई एकटेच होते. चहा मीच करते म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि लगेच फडताळातून झाकण काढलं. "झाकण नसलं की ती आतून ओरडत यायची," ते म्हणाले. "आधी गॅस का फुकट जाळता म्हणायची, मग किती जळला त्याचा हिशेब सांगायची." थोडा वेळ झाकण त्यांच्या हातातच राहिलं.

"शुरू के दिनों में जान-बूझके खुला रख्या, ताई... लगा, चिल्लाती आयेगी."

मग त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि आम्ही पाणी उकळायची वाट पाहत उभे राहिलो.