पाचशेंचा स्वयंपाक आणि माझं एक पोट

"शुगर आहे," सौंसरचे डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "आजची नाही, जुनी दिसते. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, फार वाढली आहे. म्हणूनच पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. खाणं सांभाळा, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

मी बोरगावचा आचारी. लग्नाचा स्वयंपाक करतो. पाकापासून रश्शापर्यंत सगळं चाखून बघणं हेच माझं काम. मी खाणं सांभाळायचं म्हणजे कसं, ते कोणी सांगेना.

गोड बंद करायचं ठरवलं. पहिल्याच लग्नात दिवसभर उपाशी राबलो आणि पंगती उठल्यावर बुंदीच्या परातीसमोर बसलो. पुढच्या लग्नातही तेच झालं. दवाखान्यात पट्टी बदलायला गेलो की जो तो सांगे, मन घट्ट करा. बाकावर नंबरची वाट बघताना स्वतःचाच संताप यायचा. आपलं मनच कच्चं, अशी माझी खात्री होत चालली होती.

एकदा चिडून बायकोला, शालूला, म्हटलं, "माह्याच्यानं नाही होत. कापू दे अंगठा."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पाचशे मानसाइचं जेवन तुम्ही आदल्या रोजी ठरवता. आपल्या एका पोटाचं काऊन नाही ठरवत?"

राग आला, पण तिचं म्हणणं खरं होतं.

पुढच्या लग्नाला मी ज्वारीची भाकरी आणि मेथी खाऊनच निघालो. दुपारसाठी मटकीचा डबा घेतला. गोड चाखायचं काम जोडीदार ईश्वरभाऊंना दिलं. "तुमच्यासारखी जीभ माही नाही," ते कुरकुरले. पण पाहुण्यांनी बुंदी मागून मागून खाल्ली.

एकदा वरात फार उशिरा आली, डबा संपलेला होता, आणि मी गोडावर घसरलो. पुन्हा चिडलो. मग लक्षात आलं की मन नाही, बेत चुकला होता. तेव्हापासून फुटाणे जास्तीचे बांधतो.

जखम भरली. अंगठा वाचला. साखर मात्र अजून हवी तेवढी उतरलेली नाही, आणि त्याचा राग येतोच. तुमचंही असंच होत असेल, तर भुकेच्या वेळी मनाशी भांडू नका. भूक लागायच्या आधी काय खायचं ते ठरवा. मला हे शालूनं शिकवलं.

परवा एका वरबापानं जिलबी पुढे केली. "आचाऱ्यानंच नाही खाल्ली तं कसं?"

"माहं जेवन झालं, भाऊ," मी म्हटलं.

आणि ते खरंच झालं होतं.