ठरावातली पहिली घागर

नागरिकशास्त्राचा तास कुणालाच नको असतो. शाळेत नोकरीला लागल्याबरोबर तो माझ्या गळ्यात पडला आणि निवृत्तीपर्यंत गळ्यातच राहिला. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते अंमलात आणतं, आणि कार्यकारी मंडळ कायदेमंडळाला जबाबदार असतं. हे मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी तोंड बोलायचं आणि मी खिडकीतून बाहेर बघत असायचे. पोरं म्हणायची, बाई तिरसट आहेत. असेन. पण हा धडा पुस्तकात येण्याच्या आधी आमच्या घरात येऊन गेला होता, ते त्यांना कुठं माहीत?

आमचं गाव येरमाळ्यापासून दोन-अडीच कोसांवर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या आमच्या वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर ते बायाबापड्यांना राज्यघटना समजावून सांगायचे. त्यांची एक गोष्ट ठरलेली असायची. ठरवणारा एक पाहिजे आणि करणारा दुसरा पाहिजे. दोन्ही एकाच्याच हातात गेलं की त्याचा निजाम होतो. मग करणाऱ्याला मोकाट सोडायचं का? तर न्हाय. त्यानं ठरवणाऱ्यापुढं उभं राहून जाब द्यायचा. म्हातारी माणसं माना हलवायची. निजाम त्यांनी डोळ्यानं बघितलेला होता.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीची विहीर आटली. गावातल्याही आटल्या. पाणी राहिलं ते शाळेजवळच्या सरकारी विहिरीला, ती सुरुंग लावून खोल केली होती म्हणून. पूर्वी आमच्या बाया गावच्या विहिरीखाली घागर घेऊन बसायच्या आणि वरच्या कुणाला दया आली तर ती ओतायची. दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं ते सोडलं होतं. ओतलेलं पाणी घ्यायचं न्हाय म्हणजे न्हाय. म्हणून आम्ही नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होतो. खाली गढूळ पाणी, वर जनावरांची वर्दळ.

त्याच दिवसांत माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तेव्हा मॅट्रिक होऊन खडी फोडायला जात होते. संध्याकाळी घरी आले की अक्का पदराची चौघडी करून झिऱ्याचं पाणी गाळत बसलेली असायची. गाळून गाळून पदर पिवळा झाला होता. दादा तिच्याकडं बघायचे आणि बाहेर जायचे. लेकीला चांगलं पाणी मिळावं हा एकच घोर त्यांना लागला होता.

त्यांनी खटपट करून चावडीत ग्रामसभा बोलवायला लावली. ही आपली विधानसभा, असं ते आम्हाला घरून निघतानाच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. सभेत कुणी उलट बोललं नाही. विहीर सरकारी, तालुक्याच्या साहेबांनी सगळ्यांना खुली म्हणून सांगितलेली, आणि त्यांच्या हातातली दुष्काळी कामं हवी होती सगळ्यांनाच. वस्तीला दुपारची पाळी द्यायची असं ठरलं, हात वर झाले. तेवढ्यावर दादांनी बसायचं ना! पण त्यांनी उभं राहून ठरावात आणखी एक वाक्य घालायला लावलं. वस्तीची पहिली घागर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांनी समक्ष उभं राहून काढू द्यावी. म्हणजे ठरवलं गावानं, करायचं सरकारच्या माणसानं, सगळं घटनेप्रमाणं. तेही मंजूर झालं. घरी येताना दादा रस्त्यात लहान पोरासारखे हसत होते. त्यांना तसं हसताना मी परत बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाला दुसऱ्याच एका खडीच्या कामावर हजेरी घ्यायला धाडलं, तिकडं पार लांब. सरपंचाकडं गेलं तर तो म्हणायचा, मास्तर, माझी ना न्हाय, पण ठरावात दोघं हायेत, मी एकटा कसा उभा राहू? तालुक्याला गेलं तर साहेब म्हणायचे, ग्रामसभेनं ठरवलंय, तिथंच मिटवा. दादा सायकलवर खेपा घालत राहिले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असंही म्हणतात. आमच्याकडं उलटं होतं. आडात भरपूर होतं, पोहरा पोचत नव्हता.

माय एकदा सरळ म्हणाली, आपणच जाऊ की, ठराव तर झालाय. सगळ्या बाया तयार होत्या. दादांनी अडवलं. ते ओरडणारे नव्हते, समजावून सांगणारे होते, आणि त्यांच्या समजावण्यापुढं वस्तीत कुणाचं चालत नसे. त्यांच्या थोरल्या भावानं तरुणपणी एका विहिरीत जबरीनं पोहरा टाकला होता. मार खाल्ला त्यानं, आणि चौकीत बसवलं तेही त्यालाच. ते दादांनी बघितलं होतं.

"कायदा आपल्या बाजूचा हाय," ते म्हणाले. "तो हातात घेतला की त्यांच्या बाजूचा हुतो. ज्याचं काम त्यालाच करू द्या."

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि मला ते पटलंही होतं. बाया परत झिऱ्यावर गेल्या.

अक्काला उलट्या-हागवण सुरू झाली ती एका पहाटे. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. गाडी जुंपायची तर बैल छावणीत. चौघांनी तिला बाजेवर घातलं आणि येरमाळ्याच्या दवाखान्याची वाट धरली. मी बाजेच्या बाजूनं चालत होते. ती पाणी मागत होती, आणि आमच्याजवळच्या तांब्यात तेच पाणी होतं. द्यावं की देऊ नये, मला कळेना. मी दिलं. येरमाळ्याचा घाट दिसायच्या आधीच ती गेली. पोटातलंही गेलं. बाज तिथंच फिरवली आणि आम्ही घरी आलो.

मला रडू आलं नाही. रडू, राग, भीती, काहीच आलं नाही. बाया रडत होत्या आणि मी त्यांच्या पायातल्या भेगांकडं बघत उभी होते. दादा दाराला टेकून बसले होते. मला त्यांचा राग पुढं आला, पुष्कळ पुढं, आणि आला तो गेलाच नाही. ते वारले तरी गेला नाही. तेवढाच मी त्यांच्यावर जीवही टाकत होते, त्याला काय करू?

अंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा घरात पाणी नव्हतं. कुणीतरी झिऱ्यावर निघालं. माय उठली. तिनं घागर काखेत घेतली, दोर खांद्यावर टाकला आणि शाळेची वाट धरली. मी मागं गेले. दादांनी मान वर केली.

विहिरीवर गावातल्या दोन बाया पाणी शेंदत होत्या. त्यांनी मायकडं बघितलं आणि बाजूला झाल्या. मायनं घागर सोडली, भरली, ओढली. कुणी हाक मारली नाही, कुणी धावत आलं नाही. मयताचं पाणी म्हणून त्या सरकल्या असतील का? मला सांगता येत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर मायनं घागर दादांसमोर ठेवली. पाणी इतकं निवळ होतं की आतला तळ दिसत होता.

"कुणी हुतं का तिथं?" दादांनी विचारलं.

"दोन बाया हुत्या. बाजूला सरल्या." माय खाली बसली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "ठरावाच्या दुसऱ्या दिशी गेले असते, तरी सरल्या असत्या."

दादांनी दोन्ही हात घागरीच्या काठावर ठेवले आणि तसेच बसून राहिले. शेवटी मायनंच त्यांचे हात उचलून बाजूला केले, आणि आम्ही अक्काला अंघोळ घातली.