एवारिस्तोने कोरा ठेवलेला रकाना

ओबदुलियाला अटक झाली होती, आणि कशासाठी, हे शिकागोतल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तमालेंसाठी, म्हणजे मक्याच्या पानात बांधून वाफवलेल्या सारणाच्या पुड्यांसाठी. नऊ वर्षांपूर्वी परवाना नाही म्हणून पोलिसाने तिच्या गाडीवरचं वाफेचं पातेलं उचललं, तर हिने दुसरा कान धरून ठेवला. "तमाले न्या साहेब, पातेलं माझ्या आईचं आहे!" बोटांचे ठसे, तीन तास कोठडी, आणि दोन महिन्यांनी न्यायाधीशाने खटला काढूनच टाकला. कोर्टाबाहेर फलक धरून मीच उभी होते. त्या अटकेची ओबदुलियाला कधी लाज वाटली नाही. हे ध्यानात ठेवा.

लेक यादिरा इथेच जन्मलेली, म्हणून इथली नागरिक; एकविशीनंतर अशा लेकीला आईसाठी अर्ज करता येतो. एकवीस पूर्ण झाल्या झाल्या तिने आईच्या ग्रीन कार्डाचं मनावर घेतलं. कागद भरायला एवारिस्तो. यादिराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेला माणूस; आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं; पोराची आई त्याला कोंपाद्रे म्हणते, तो तिला कोमाद्रे. धुलाईच्या दुकानामागे टेबल टाकून तो वस्तीचे अर्ज भरतो. वकील नाही, पण टाय घालतो.

"कधी अटक झाली आहे का?" त्याने वाचलं.

"झालीय ना, कोंपाद्रे. पातेल्यावरून. लिहा."

"अगं कोमाद्रे, खटला सुटला ना? मग झालीच नाही. 'नाही' लिहितो."

"पण ठसे घेतले होते हो."

"तू तमाले कर, कागदाचं माझ्यावर सोड. मिरची किती घालायची ते मी सांगतो का तुला?"

ती हसली आणि तिने सही केली. इंग्रजीतलं तिला बसवरच्या पाटीपलीकडे वाचता येत नाही. अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचं नाव आणि सही करायचा एक रकाना शेवटी असतो. तो त्याने कोरा ठेवला.

मुलाखतीत अधिकाऱ्याने ते ठसेच समोर ठेवले. मग नोटीस आली: तुम्ही खोटं सांगितलंत, तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळू. मी तिला खऱ्या वकीलबाईकडे नेलं. वकीलबाई म्हणाली, "अटकेने काहीच बिघडलं नसतं. बिघडलं ते त्या 'नाही'ने. ते 'नाही' आपणच लिहिलं असं भरणाऱ्याने सहीनिशी लिहून दिलं, तर अजून आशा आहे."

आम्ही दोघी ते लिहून मागायला धुलाईच्या दुकानात गेलो. एवारिस्तोने मान वर केली नाही.

"अर्जावर माझी सही कुठाय, दाखव."

"कोंपाद्रे, तुम्हीच भरलात ना?"

"कागद म्हणतो तू भरलास."

"मला इंग्रजी येतं का रे?" इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा 'रे' म्हटलं. मी त्याचा टाय धरणारच होते, तिने माझं मनगट पकडलं.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी एकमेकांना शांती द्या म्हटलं. सगळे हात मिळवू लागले. पुढच्या बाकावरून एवारिस्तो वळला, हसला, हात पुढे केला. माणसं बघत होती ना!

ओबदुलियाने त्या हातात पेन ठेवलं आणि पर्समधून वकीलबाईने लिहून दिलेला कागद काढून बाकाच्या पाठीवर पसरला.

"इथे, कोंपाद्रे. एवढीच शांती द्या."

त्याने पेन बाकावर ठेवलं आणि वेदीकडे तोंड फिरवलं.

सोमवारी तो कागद तसाच, सहीविना, वकीलबाईच्या टेबलावर गेला.