मोनालीच्या हळदीतला मागचा दरवाजा

सदू तांडेल कुठेही गेला की आधी दरवाजे बघतो, मग माणसं. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत तो दरवाजाच्या कामाला पहिल्यांदा आला तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि मला तो अजिबात आवडला नव्हता. जिन्याच्या दरवाज्याला साधी कडी लाव, वर कुलूप घालू, असं मी त्याला ऐटीत सांगितलं.

"साहेब, आग लागली तं चावी कोनाकडं असंल?"

"माझ्याकडे."

"आनि तुमी गेलेले असाल भाजी आनायला."

मी खरोखरच रोज सकाळी तासभर भाजी आणायला जातो. भाजी अर्धा किलो, गप्पा पन्नास मिनिटं. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी मुकाट्याने पॅनिक बार मागवला. पॅनिक बार म्हणजे दाराच्या आतल्या बाजूची आडवी दांडी. तिला धक्का दिला की दार उघडतं. चावी नको, अक्कल नको.

सदू सारसोळ्याचा कोळी. बाप खाडीवर मासेमारी करायचा, हा तळोज्याला कारखान्यात लागला. तिथे एकदा पाइप फुटला, चाळीस माणसं धुरात मागच्या दाराशी धावली आणि कडी गंजून बसलेली. सदूने ती पान्याने फोडली. सगळे वाचले, पण सदूच्या डोक्यात दरवाजे जे शिरले ते शिरलेच. पुढे त्याने तोच धंदा धरला.

नेरूळच्या लग्नाच्या हॉलचं काम आलं तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. निवृत्त माणूस कुठेही जातो. हॉलचे मालक चंद्रशेखर पाटील मागच्या दाराला साखळी लावायच्या विचारात होते, कारण त्या दाराने न बोलावलेली माणसं जेवायला घुसायची. सदूने तिथेही आतून पॅनिक बार ठरवला आणि बाहेरून मूठच ठेवली नाही. आतला माणूस केव्हाही बाहेर, बाहेरचा मात्र बाहेरच. पाटील खूश झाले. मग सदूने दुकानदाराने पाठवलेला माल उघडला आणि वैतागला. त्या पॅनिक बारच्या कडीचा एक गज वर चौकटीत अडकत होता आणि एक खाली, फरशीतल्या भोकात.

"परत पाठवा. लग्नान अक्षता परतान, केरसुनी फिरते, आनि सगला तांदूल त्या भोकान. मंग गज अडकला का दार उघडतंय कुठं?"

मी उभ्या आयुष्यात हजारभर लग्नं जेवलोय, पण पडलेल्या अक्षता जातात कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फक्त वर अडकणारी कडी आली. ती बसवल्यावर सदूने आपल्या सुंदरामावशीला बोलावलं. सुंदराबाई म्हणजे गावची धवलारीण, लग्नात धवले गाऊन विधी करणारी, वय सत्त्याहत्तर. तिच्या दोन्ही हातांत भरलेलं ताट दिलं आणि फक्त म्हणाला, "मावशे, भायेर जा." काही सांगायचं नाही, दाखवायचं नाही, ही त्याची परीक्षा. मावशीने दाराच्या दांडीला कंबर लावली आणि बाहेर गेली. ताटातल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. सदू असा हसला की जणू बारशाला पेढे वाटतोय.

त्याच हॉलमध्ये त्याच्या मोनालीची हळद ठरली. एकुलती एक लेक, वाशीला नर्स. आणि इथेच घोटाळा होता. मोनालीच्या साखरपुड्याला अंगठी घालायच्या वेळी सदू जागेवर नव्हता. साखरपुडा दुसऱ्या एका हॉलमध्ये होता आणि तो तिथलं मागचं दार बघत होता. पोरगी थांबून थांबून थकली, शेवटी मामाने पुढे होऊन उरकलं. एकाही फोटोत बाप नाही. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, माझ्या हळदीला दरवाजा हा शब्दसुद्धा तोंडात नाय आणायचा. प्रॉमिस कर." सदूने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

हळदीच्या संध्याकाळी मी पोचलो तर बेंजोचा बँड दणक्यात, पोरीबाळी नाचतायत, सातशे माणूस, आणि सदू मात्र कोपऱ्यात भिंतीसारखा उभा. संघर्ष नावाच्या मांडववाल्याने सगळा हॉल गुलाबी कापडाने मढवला होता. मागचं दारही. शिवाय त्याच दारासमोर स्टेज ठोकलं होतं.

"साहेब, बोललो तं पोरगी ररंल, डोल्यान पानी काढंल," सदू हळूच म्हणाला. "नाय बोललो तं मी जेवू कसा?"

मी काय करावं? खरं तर संघर्षला मीच जाऊन सांगायला हवं होतं. पण घरचं कार्य, आपण पाहुणे, असलं काहीबाही मनात आणून मी मटणाच्या ताटाकडे वळलो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

सुंदराबाईंनी धवला सुरू केला आणि लेकीला हळद लावायला बापाला स्टेजवर बोलावलं. सदू वर गेला. त्याने बोटं हळदीत बुडवली, लेकीच्या गालाला लावली, पण नजर तिच्या खांद्यावरून मागच्या कापडावर.

"पप्पा, काय झालं?"

"काय नाय."

"माझ्याकडं बघत पण नाय तू."

सदूने शब्द दिला होता. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. मोनालीने मान वळवून तो बघत होता तिकडे पाहिलं, हात मागे नेऊन कापड चाचपलं. आत दांडी लागली.

मग तिने बेंजोवाल्यांना हात करून थांबवलं आणि संघर्षला हाक मारली. "दादा, स्टेज सरकव. मागं इमर्जन्सीचा दरवाजा आहे."

"ताई, आता? एवढ्या माणसांत? तुम्ही उतरा तरी."

"मी नाय उतरत. उचला."

सारसोळ्याची पंचवीस माणसं पुढे झाली. होडी किनाऱ्याला ओढायची त्यांना सवय, एक स्टेज म्हणजे काय मोठं. 'हैय्या हो' करत त्यांनी नवरीसकट ते आठ-दहा फूट बाजूला नेलं. बेंजोवाल्यांना राहवेना, त्यांनी मधेच ठेका धरला. सुंदराबाई आपल्या धवल्यातली पुढची ओळ म्हणत मागोमाग चालत गेल्या. संघर्षने कापड दोन्हीकडे बांधलं, दार पूर्ण मोकळं झालं, आणि सातशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

सदू अजून दाराकडेच बघत होता. मोनालीने हळदीच्या दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला.

"झालं ना मोकळं? आता तरी माझ्याकडं बघ."

सदूने बघितलं. नखापासून केसापर्यंत पिवळी झालेली आपली लेक बघितली, आणि सगळ्या गावासमोर लहान पोरासारखा रडला. मग तिच्या दोन्ही गालांना त्याने अशी हळद फासली की सुंदराबाईंना त्याचा हात धरून म्हणावं लागलं, "पुरं रं सदू, नवऱ्याच्या मानसांना पन ठेव थोरी जागा."