सरखेलांच्या सुतकाचं पिठलं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या आणि ऐका. मी एका धडधाकट, जिवंत माणसाच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन रडायला गेले! एकटी नव्हे, लालबागच्या आमच्या चाळीतल्या दोन बायका सोबत घेऊन. आणि कशापायी? बढतीपायी.

या वयात कसली बढती, म्हणाल. सांगते.

माझी नात श्रेया मोबाईलवर एका गटात आहे. तिथे सगळे मिळून एकच गोष्ट लिहितात. सोनबंदर नावाचं बंदर, सगळं मनातलं. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी व्यापारी, कोणी समुद्री चाचा, कोणी हेर, आणि आपापल्या सोंगाचं बोलणं-चालणं लिहायचं. एकाने सोडलं तिथून दुसऱ्याने उचलायचं. म्हणजे आपला दशावतारच की, फक्त तोंडाला रंग नाही!

मला कुठे लिहिता येतंय? पण फोनला येतं ना. आपण बोलायचं, तो लिहितो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचूनही दाखवतो, एका बाईच्या आवाजात. ती बाई कशी, तर बारसं असो की मयत, आवाज एकच. वाण्याची यादी वाचल्यासारखा. हे ध्यानात ठेवा हं, घात तिथेच झाला.

मी सोंग घेतलं खाणावळवालीचं आणि नाव दिलं सासूबाईंचं, चंद्राबाई. सासूबाई गिरणीच्या माणसांना जेवायला घालायच्या. गावाहून एकटे आलेले गडी आमच्या खोलीत पंगतीने बसायचे, एक पाळी उठली की दुसरी. सगळ्या गिरणगावात नाव होतं, पण दारावर पाटी नव्हती. ‘लावू गो एकदा’ म्हणता म्हणता संप आला, गिरण्या गेल्या, पाटी राहिलीच.

मी काय करायचे? भाकऱ्या थापायचे, कांदे चिरायचे. पण मिठाचा डबा? त्याला हात नाही लावायचा! ‘मीठ मीच घालतलंय. तुझ्या हाताक अंदाज नाय.’ शेवटपर्यंत हेच.

तर या सोनबंदरात दर्जे असतात. आधी नवखा, मग खलाशी, मग तांडेल, मग वतनदार. चांगलं लिहिलं की वरची मंडळी बढती देतात. आणि वतनदार झालं की बंदराच्या नकाशावर आपली जागा मिळते. पाटीसकट!

आलं ना ध्यानात, माझा जीव कुठे अडकला होता?

तांडेलपर्यंत मी सरसर चढले. श्रेया कामावरून आली की मी बोललेलं वाचून बघायची, चुकलंमाकलं काढायची, मग टाकायची. पुढे मात्र गाडं अडलं. बढती देणारे सरखेल, म्हणजे गोष्टीतले आरमाराचे मुख्य, मला म्हणाले, ‘आजी, धक्क्यावर जागाच शिल्लक नाही. बघतो काहीतरी.’ गटात सगळे एकमेकांना सोंगाच्याच नावाने हाक मारतात. त्यामुळे त्या माणसाचं खरं नाव काय, देव जाणे. दादरला एकदा सगळे भेटलो होतो तेव्हा एवढंच म्हणाला, ‘हिंदमाताला साडीच्या दुकानावर राहतो. दाराला पुठ्ठ्याचं जहाज टांगलंय. या कधी चहाला.’

त्या दिवशी दुपारी मी लसूण सोलत होते. फोनमधली बाई वाचू लागली. आधी गप्पांच्या कट्ट्यावरचं, म्हणजे गोष्टीबाहेरचं खरं बोलणं असतं तिथलं, कालचं आलं. सरखेल म्हणत होते, छातीत फार जळजळतंय. पाठोपाठ तशाच सुरात, ‘आपले सरखेल आज पहाटे गेले. सोनबंदर पोरकं झालं. तांडेलांनी दिवेलागणीच्या आत आपापलं दुःख मांडावं.’

हातातला लसूण गळाला हो माझ्या! आता तुम्हीच सांगा, काल छातीत जळजळ आणि आज पहाटे गेले. काय समजायचं माणसाने? श्रेयाला फोन लावला, तर तिचा बंद.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजार पिठलं-भाकरी नेतो. मी डोळे पुसत पुसत पिठलं ढवळलं, भाकऱ्या थापल्या आणि शेजारच्या सुमनला हाक मारली.

‘कोण गेलो गो?’

‘आमचे सरखेल.’

‘कोण सरखेल? भावकीतलो काय?’

‘वाटेत सांगते. लुगडं बदल.’

समोरच्या कुंदालाही घेतलं. कुंदाला रडायला ओळख लागत नाही. टॅक्सी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला थांबली, तिथेच तिने सुरुवात केली. टॅक्सीवाल्याने मागे वळून मला विचारलं, ‘माताजी, घर का आदमी था क्या?’

हिंदमाताला साड्यांची दुकानं काय एक आहेत? पहिल्याच दुकानात विचारलं, ‘दादा, तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी गेलंय का?’

‘गेलंय? नाय बा. सगळे घरीच आहेत. बसा ना आजी, फिक्या रंगात नवा माल आलाय.’

सुमन लागलीच बसली. हात धरून उठवली मेलीला! अशी चार दुकानं केली, तेव्हा कुठे एका जिन्याच्या वर पुठ्ठ्याचं जहाज दिसलं. मी कडी वाजवली. दार उघडायच्या आतच कुंदाने हंबरडा फोडला आणि दारात जो उभा होता त्याच्या गळ्यात पडली.

‘बाळा, पोरका झालास रे!’

मी पदर बाजूला करून बघते, तर कोण? हाफपँट घातलेले, गळ्यात हेडफोन अडकवलेले खुद्द सरखेल!

‘आजी? तुम्ही? काय झालं? कोण गेलं?’

मी म्हटलं, ‘तुम्ही!’

बिचाऱ्याने आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. म्हणाला, ‘आजी, मी विनय. मेला तो गोष्टीतला सरखेल. त्याला मीच मारला. धक्क्यावरची त्याची वखार मोकळी झाली की तिथे तुमची खाणावळ बसेल, म्हणून!’

‘आणि छातीतली जळजळ?’

‘ती खरी. मिसळ जास्त झाली होती.’

म्हणजे बघा! माझ्या बढतीसाठी माणूस मेला आणि मीच त्याला रडायला आले! सुमन पदर तोंडाला लावून हसत सुटली. कुंदाचं रडणं मात्र काही थांबेना. ती म्हणाली, ‘एकदा सुरू झालं की वेळ लागतो मला.’

तेवढ्यात श्रेयाचा फोन.

‘आजी, लिहिलंस का?’

‘काय लिहायचं?’

‘अगं, तुझी वतनदारीची परीक्षा आहे! सरखेलांच्या मरणाची बातमी खाणावळीत येते, ते लिहायचंय. दिवेलागणीच्या आत! आणि मी अजून कामावर आहे, वाचून बघायला जमणार नाही. तूच बोल आणि टाकून दे.’

खिडकीतून बघते तर खाली दुकानांचे दिवे लागायला आलेले! इतक्या वर्षांची ती पाटी हातची जाणार? मी विनयला म्हटलं, ‘बाबा, तू कर काहीतरी.’

‘आजी, मी परीक्षक. तुमच्या लिखाणात एक शब्द बोलायची मला परवानगी नाही.’

‘मग जेव तू,’ म्हटलं. पिठलं-भाकरी वाढून त्याच्यापुढे ठेवली, सुमनलाही चवीपुरतं दिलं, फोनचं बटण दाबलं आणि चंद्राबाई होऊन बोलायला लागले. सासूबाई आठवल्या, पंगतीतला एखादा गडी गावी जाऊन परत न आल्यावर त्याचं ताट मांडून बसणाऱ्या. बोलता बोलता मलाच भरून आलं.

मधेच विनय हातवारे करायला लागला. तोंडात घास. एकदा फोनकडे बोट, एकदा सुमनकडे. मला वाटलं, भाकरी मागतोय. वाढली. पुन्हा बोट. पुन्हा वाढली! शेवटी त्याने कपाळाला हात लावला. म्हटलं, पोट भरलं वाटतं. बोलणं संपवलं, हिरवा बाण दाबला आणि देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल. चहा गाळता गाळता फोनमधली बाई वाचायला लागली, आणि वाचतेय काय? तर माझंच कालचं.

‘चंद्राबाईने सरखेलांचं ताट मांडलं आणि ती म्हणाली गडी येवो न येवो त्याचा घास राखायचा असतो ह्येच्यात मीठ खंय गो गप्प बस सुमन सुतकाचं आहे म्हणून मुद्दाम नाही घातलं मुद्दाम कसला विसरलंस तू त्या पोराचा तोंड बघ अगो कुंदा किती रडशील माणूस जेवतोय समोर...’

फोनने माझं, सुमनचं, कुंदाचं, सगळ्यांचं एकत्र लिहून ठेवलं होतं! विनय बोट कशासाठी दाखवत होता, ते तेव्हा कळलं. आणि पिठल्यात मीठ घालायचं रडण्याच्या भरात राहून गेलं होतं, हेही खरंच. त्या पोराने माझ्या हातून इतक्या भाकऱ्या कशाला खाल्ल्या? अळणी पिठलं गिळायला!

म्हटलं, गेली वतनदारी. पण बाई वाचतच होती. कोणी लिहिलं होतं, ‘मयताच्या घरचं असं खरं बोलणं सोनबंदरात आजवर आलं नव्हतं.’ कोणी म्हणत होतं, ‘ती मीठ विचारणारी बाई कोण? तिला परत आणा.’ आणि शेवटी विनयचं, ‘चंद्राबाई आजपासून वतनदार.’

मी श्रेयाला उठवली, सुमनला, कुंदाला बोलावलं. नकाशा काढणारी मुलगी गिरगावात फणसवाडीत राहते. तिने सकाळीच धक्क्यावर माझी खाणावळ चितारली होती. कौलारू छप्पर, बाहेर बाकडं, धूरसुद्धा निघतोय! आणि दारावर पाटी. डोळे भरून आले हो. मला वाचता येत नाही, पण पाटी पाटीच असते.

‘वाच गं मोठ्याने,’ मी श्रेयाला म्हटलं. ‘सासूबाईंनाही ऐकू जाऊ दे.’

श्रेयाने भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाचलं,

‘चंद्राबाईची अळणी खाणावळ.’