पाण्यातले मेव्हणे

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका सावकाश माणूस अख्ख्या ह्यूस्टनमध्ये दुसरा नसेल. अंतराळवीरांना यानाबाहेर तरंगत ज्या दुरुस्त्या करायच्या असतात, त्यांची तालीम आधी एका प्रचंड, खोल तलावात होते. अंतराळातला अवजड पोशाख घातलेला माणूस बुडूही नये आणि वरही येऊ नये म्हणून त्याला मोजून वजनं लावायची आणि तासन् तास त्याच्याभोवती पोहत लक्ष ठेवायचं, ही मेव्हण्यांची नोकरी. ती त्यांनी तलावातच ठेवली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती.

आमचा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तेव्हा मी प्लंबरला फोन करणार होतो. बायको म्हणाली, दादा करेल. दादा शनिवारी सकाळी आले आणि त्यांनी पान्हा, पक्कड सगळं दोरीने मनगटाला बांधलं. हातातून सुटलेलं हत्यार वर अंतराळात कायमचं जातं म्हणे. आमच्या सिंकखाली ते फार तर माझ्या पायावर पडलं असतं. मग मला बर्फातले जाड हातमोजे घालून वॉशर काढायला लावला, का तर तिकडे बोटं किती दुखतात ते मला कळावं. कळलं. शिवाय प्रत्येक वेळी काय करणार ते आधी मोठ्याने सांगायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच हात लावायचा. संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा चहाचं पाणी मी बाथरूममधून आणलं.

एकदा तर त्यांनी ऐन तालीमच थांबवली. पोशाखातली अंतराळवीर बाई रेडिओवर, मी ठीक आहे, असं सांगत होती, तरी यांनी तिला वर काढायला लावलं. वरिष्ठ चिडले, आणि आपली मोहीम जाणार या भीतीने ती यांच्याशी बोलेनाशी झाली. मीही विचारलं, एवढी घाई कशाला केलीत?

"ती ठीक आहे म्हणत होती," मेव्हणे म्हणाले. "तिचा खांदा म्हणत नव्हता."

खांदा खरंच दुखावलेला निघाला. उपचारांत कित्येक महिने गेले, पण ती पुन्हा पाण्यात उतरली, यांच्याच देखरेखीखाली.

यंदा ती अंतराळात गेली. यानाबाहेरची दुरुस्ती टीव्हीवर थेट दाखवणार होते, म्हणून मेव्हणे आमच्याकडे आले आणि बुटांसकट गालिच्यावर बसले. तिने यानावरची बिघडलेली जुनी बॅटरीची पेटी सोडवली, नवी बसवली. मी टाळ्या वाजवल्या. ते हलले नाहीत.

"पाण्यात मी तिच्यापासून हातभर अंतरावर असतो," ते हळूच म्हणाले. "तिथे नाही जाता येत."

ती आत गेली, दार बंद झालं, तेव्हा कुठे त्यांनी बूट काढले. ते मी दाराशी नेऊन ठेवले.